इंजिनाचा दुसरा श्वास

मनुष्यास जसा श्वासोच्छ्वास करावा लागतो, तसा तो मोटारसायकलीच्या इंजिनासही करावा लागतो, असें कोणीं म्हटल्यास आमच्या बालवाचकांस ती अलंकारिक भाषा वाटेल. परंतु ती तशी नाहीं. इंजिन कार्ब्युरेटरच्या वाटेनें हवा आंत घेतें व सायलेन्सरच्या वाटेनें धूर बाहेर टाकतें, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याशिवाय इंजिनाच्या पोटांत आणखी एक श्वास चाललेला असतो. तिकडे फारच थोड्यांचें लक्ष जातें. तो कोंडला म्हणजे इंजिनाच्या सांध्यासांध्यांतून तेल पाझरूं लागतें. ह्या दुसऱ्या श्वासाविषयीं चार शब्द सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

असला विषय शाळेच्या वार्षिकांत कशास, असें एखादे पालक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, आपलें संत तुकाराम नगर पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या कुशींत वसलेलें आहे. आकुर्डीस बजाज कंपनीच्या स्कूटरी तयार झाल्या; २००१ सालीं बाजारांत आलेली पल्सर चाकणच्या कारखान्यांत तयार होऊं लागली. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांचे वडील लेथवर किंवा जोडणीच्या खात्यांत काम करितात. अशा घरांतील मुलगा अठरा वर्षांचा होतांच जुनी बुलेट घेण्याचा हट्ट धरितो, व ती मिळाली म्हणजे बोअर वाढवून, उंच माथ्याचा पिस्टन घालून ती अधिक पळविण्याच्या मागें लागतो. पुढें तेल गळूं लागतें. मग गॅस्केट बदलितात, सील बदलितात, पुनः गॅस्केट बदलितात; पैसा जातो आणि तेल गळतच राहतें. आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं, अशांतला हा प्रकार होय. पैशाची हानि एक वेळ सोसेल. परंतु तेंच तेल मागल्या टायरवर उतरलें, तर पावसाळ्यांत वळणावर जिवावरचा प्रसंग ओढवतो. म्हणून हा विषय मुलांनीं व पालकांनीं दोघांनींही समजून घेण्याजोगा आहे.

उदाहरणादाखल बुलेटच घेऊं. ही गाडी मूळची इंग्लंडांतील रेडिच गांवची. १९५५ सालीं मद्रास येथें एन्फील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली, व प्रथम जुळणी आणि पुढें संपूर्ण बांधणी आपल्या देशांत होऊं लागली. बिडाच्या सिलिंडराचें तिचें जुनें इंजिन २०१० सालाच्या सुमारापर्यंत तयार होत होतें. त्याच्या सिलिंडराचा व्यास ७० मिलिमीटर, व पिस्टनाची धांव ९० मिलिमीटर. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं वर्तुळाच्या क्षेत्रफळाचें सूत्र लावून पाहावें. क्षेत्रफळ सुमारें ३८.५ चौरस सेंटिमीटर येतें, व त्यास धांवेच्या ९ सेंटिमीटरांनीं गुणिलें असतां सुमारें ३४६ घन सेंटिमीटर होतात. लोक ज्यास साडेतीनशेंचें इंजिन म्हणतात, तें हेंच.

पिस्टनाच्या वर काय घडतें तें पाठ्यपुस्तकांत दिलेलें असतें. आपण त्याच्या खालीं पाहूं. पिस्टनाखालीं ज्या बंद पेटींत क्रँक फिरतो, तिला क्रँककेस म्हणतात. पिस्टन खालीं आला म्हणजे वरची जागा जितकी वाढते, तितकीच ह्या पेटींतील जागा कमी होते. सायकलीच्या पंपाच्या तोंडावर बोट ठेवून दांडा दाबून पाहावा. हवा बोटास कशी रेटते तें तत्काळ कळेल. इंजिन मिनिटास ३००० फेरे फिरत असेल, तर पिस्टन सेकंदास ५० वेळां खालीं येतो. म्हणजे एका सेकंदांत सुमारें १७ लिटर, मोठ्या बादलीभर म्हणाना, हवा रेटली जाते, आणि पिस्टन वर जातांना तितकीच जागा पुनः मोकळी होते. दोन सिलिंडरांच्या ज्या इंजिनांत एक पिस्टन वर जातांना दुसरा खालीं येतो, तेथें ही हवा बरीचशी इकडून तिकडे सरकते. एका सिलिंडराच्या इंजिनास असा जोडीदार नाहीं. त्याचा सारा रेटा क्रँककेसच्या भिंतींवर व सांध्यांवर पडतो.

ही झाली येणारी-जाणारी हवा. हिच्या जोडीस दुसरी एक हवा असते, ती नुसती येतच राहते. पिस्टनाभोंवतीं रिंगा असतात. तापल्यावर रिंग फुगते, म्हणून तिच्या दोन टोकांत थोडी फट ठेवावीच लागते. बिडाच्या रिंगेस व्यासाच्या दर इंचास तीन ते चार हजारांश इंच, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. ह्या फटींतून व रिंगेच्या कडेनें स्फोटाचा थोडा वायु खालीं निसटतो. नव्या इंजिनांतही तो निसटतो. झिजलेल्या इंजिनांत तो पुष्कळच वाढतो. त्यांत न जळलेलें पेट्रोल, पाण्याची वाफ व आम्ल उत्पन्न करणारे वायु असतात. हे आंतच राहिले तर तेल पातळ होतें व त्यांत गाळ धरतो. पावसाळ्यांत गाडी रोज घरापासून नाक्यापर्यंतच नेली, तर इंजिन पुरतें तापत नाहीं, वाफ आंतच निवते, आणि तेलाच्या झांकणाखालीं दुधासारखा पांढरा थर दिसतो. त्याचें कारण हेंच.

ह्या दोन्ही हवांस वाट देण्यासाठीं क्रँककेसला एक नळी जोडलेली असते. कारागीर तिला ब्रीदर म्हणतात. परंतु नुसती उघडी नळी पुरत नाहीं. कारण पिस्टन वर जातांना तीच नळी बाहेरची हवा, धूळ व ओल आंत ओढून घेते. म्हणून तिच्यांत एकेरी झडप बसवितात. लोहाराच्या भात्याची झडप आमच्या वाचकांनीं पाहिली असेल. ती हवा आंत घेते व त्या वाटेनें परत जाऊं देत नाहीं. येथें तिच्या उलट व्यवस्था असते. पिस्टन खालीं आला कीं झडप उघडून हवा बाहेर जाते. पिस्टन वर गेला कीं झडप मिटते. कित्येक बुलेटांवर ही झडप रबराची व बदकाच्या चोंचीसारखी असते. इतर इंजिनांत पातळ पत्र्याची किंवा गोळीची झडप असते. कांहीं जुन्या इंग्रजी गाड्यांत ती कॅमच्या दांड्यावरच फिरती ठेवीत असत. झडप नीट चालली म्हणजे थोड्याच फेऱ्यांत क्रँककेसमधील सरासरी दाब बाहेरच्या हवेहून किंचित् कमी होतो. मग तेलास बाहेर रेटणारें कांहींच उरत नाहीं, आणि जुनें सीलही आपलें काम निभावून नेतें.

आतां इंजिन वाढविलें म्हणजे काय होतें तें पाहूं. ८४ मिलिमीटर व्यासाच्या पांचशेंच्या इंजिनाची धांव तीच ९० मिलिमीटर. पण तें मिनिटास ४५०० फेऱ्यांनीं पळविलें, तर सेकंदास सुमारें ३७ लिटर हवा रेटली जाते. म्हणजे पूर्वीच्या दुपटीहून अधिक. त्यांत उंच माथ्याच्या पिस्टनामुळें स्फोटाचा दाब वाढून रिंगांवरून निसटणारा वायुही वाढतो. इंजिन असें मोठें केलें आणि नळी मात्र पूर्वीचीच अरुंद ठेवली, तर धष्टपुष्ट मल्लानें एका नाकपुडीनें श्वास घेत कुस्ती खेळावी तसें होतें. गाडीच्या नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत असा बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें मनाई आहे, हेंही मुलांनीं ध्यानांत ठेवावें.

ह्या कामीं होणाऱ्या ठळक चुका अशा. तेल ठिबकतें म्हणून नळीच बुजवून टाकणें ही पहिली, व सर्वांत घातक. कोंडलेला दाब मग सीलच ढकलून देतो. झडप उलटी बसविणें ही दुसरी. नळीस मध्येंच खोलगट झोळ देणें ही तिसरी. त्यांत तेल व पाणी सांचून वाट बंद होते. नळीच्या टोकास तेल झेलण्याची बाटली लावून त्या बाटलीस हवेचें छिद्रच न ठेवणें ही चौथी. आणि नळीचें तोंड मागल्या चाकासमोर सोडणें ही पांचवी. हिचा परिणाम आम्हीं वर सांगितलाच आहे.

परीक्षा घरच्या घरीं करतां येते. गाडी उघड्या जागेंत उभी करावी. बंद खोलींत इंजिन चालवूं नये, कारण त्याच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायु असतो. इंजिन मंद चालू ठेवून, तापलेल्या सायलेन्सरपासून हात दूर राखून, ब्रीदरच्या तोंडावर बोट हलकेंच धरावें. बोटास फुंकर लागावी, पण तें आंत ओढलें जाऊं नये. ओढलें गेलें तर झडप मिटत नाहीं असें समजावें. फुंकर जोराची असून तिच्याबरोबर सतत दाट धूर येत असेल, तर दोष बहुधा रिंगांचा आहे; तेथें कितीही रुंद नळी लावली तरी रोग जाणार नाहीं. आणखी एक गोष्ट. बुलेटच्या तेलाची टांकी क्रँककेसच्याच ओतकामांत बसविलेली असते. गाडी पुष्कळ दिवस उभी राहिली कीं टांकींतील तेल हळूहळू क्रँककेसमध्यें उतरतें, व पहिल्या किकबरोबर ब्रीदर तें बाहेर फेंकतो. तो श्वासाचा दोष नव्हे. कांहीं मिनिटें इंजिन चालवून मगच तेलाची पातळी पाहावी. आधींच पाहून भर घालूं नये.

येथें एक इशारा दिला पाहिजे. हें सर्व फोर-स्ट्रोक इंजिनाविषयीं झालें. म्हैसूरची येझ्दी, राजदूत किंवा जुनी चेतक स्कूटर ह्यांचें टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोल-हवेचें मिश्रण क्रँककेसमधूनच वर नेतें. तेथें पेटी पूर्ण बंदच असली पाहिजे. तिला कोणी उत्साहानें ब्रीदर जोडील, तर इंजिन नीट चालणारच नाहीं. तेथें सांध्यांतून बाहेरची हवा आंत शिरली तरी पेट्रोल अपुरें पडून पिस्टन तापतो व शेवटीं अडकतो. एकास जें औषध, तें दुसऱ्यास विष!

ब्रीदरमधून निघणारा वायु पूर्वी रस्त्यावरच सोडून देत असत. अलीकडच्या गाड्यांत ही नळी हवेच्या गाळणीच्या पेटीकडे वळविलेली असते; त्यामुळें तो वायु पुनः इंजिनांत जाऊन जळतो. ज्या वस्तींत गाड्या दाटीनें उभ्या असतात व लहान मुलें त्यांच्याशेजारींच खेळतात, तेथें ह्या व्यवस्थेचें मोल अधिक आहे. तसेंच बाटलींत सांचलेलें तेल गटारांत ओतूं नये. गटाराचें पाणी शेवटीं नदीसच जाऊन मिळतें.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलाच्या यंत्राच्या वेडास एकदम धाक दाखवूं नये. चौथ्या गॅस्केटासाठीं पैसे मागावयास तो आला, म्हणजे त्याला शेजारीं बसवून विचारावें, "बाबा, तुझ्या इंजिनाचा श्वास तूं तपासलास काय?" उत्तर देण्यासाठीं त्याला वर्तुळाचें सूत्र, हवेचा दाब व झडपेचें कार्य हीं सर्व पुनः वाचावीं लागतील. मग तेल कोठून गळतें एवढेंच पाहून तो थांबणार नाहीं. तें कां गळतें, हें शोधूं लागेल.