ईयोबाचा प्रश्न आणि श्रद्धेचा व्यवहार

घरात अकाली मृत्यू झाला, पीक बुडाले किंवा कमावत्या माणसाला असाध्य रोग जडला, की भेटीस येणाऱ्यांची वाक्ये बहुधा ठरलेली असतात. देवाची इच्छा, तो परीक्षा पाहतो, यातूनही काही चांगलेच निघेल. पंढरीच्या वाटेवरच्या आमच्या मोडनिंबला या वाक्यांत पांडुरंगाचे नाव येते, सोलापूरच्या चर्चमध्ये प्रभू येशूचे येते, एवढाच फरक. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु या समजुतीच्या शब्दांमुळे दुःखिताच्या तोंडाला कुलूप बसते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्याने रडावे, पण जाब विचारू नये. विचारला तर त्याची श्रद्धा कच्ची ठरते.

ख्रिस्ती धर्मग्रंथाची साक्ष मात्र याच्या उलट आहे. बायबलच्या जुन्या करारात ईयोबाचे पुस्तक आहे. ऊस नावाच्या देशातला (आपल्याकडच्या उसाशी त्याचा काही संबंध नाही) हा एक सज्जन, सधन गृहस्थ. त्याची कथा ज्या प्रश्नाने सुरू होते, तो अर्थशास्त्राच्या अध्यापकाला आपल्याच विषयातला वाटावा असा आहे. सैतान देवाला विचारतो, हा मनुष्य तुझी भक्ती करतो ती काय फुकट? तू त्याला मेंढरे, उंट, मुलेबाळे दिलीस; ती काढून घे आणि मग पाहा. म्हणजे भक्ती हा केवळ विनिमय आहे, असा सैतानाचा दावा. त्यानंतर ईयोबाचे सर्वस्व जाते, आणि तीन मित्र समाचाराला येतात. सात दिवस ते मुकाट्याने त्याच्याजवळ बसतात. त्यांच्या हातून घडलेले शहाणपणाचे काम तेवढेच. नंतर ते बोलू लागतात. त्यांचे म्हणणे असे की, देवाच्या राज्यात हिशोब चुकत नाही. शिक्षा झाली त्या अर्थी पाप असलेच पाहिजे. थोडक्यात, सैतानाचेच तत्त्वज्ञान हे धर्मनिष्ठ मित्र देवाच्या वतीने मांडत असतात. ईयोब ते मान्य करीत नाही. तो स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला वादासाठी समोर बोलावतो, आणि तरीही त्याच्याकडे पाठ फिरवीत नाही. अखेरीस देव रागावतो तो मित्रांवर. माझ्याविषयी ईयोबासारखे यथार्थ तुम्ही बोलला नाहीत, असे तो त्यांना सुनावतो.

शेवटी ईयोबाला सर्व परत मिळाले, असे उपदेशक आवर्जून सांगतात. आकडे तपासण्यासारखे आहेत. सात हजार मेंढरांची चौदा हजार झाली, तीन हजार उंटांचे सहा हजार. पण मुले मात्र पूर्वीइतकीच, सात मुलगे आणि तीन मुली. मेलेली दहा परत आली नाहीत. जनावरांची भरपाई दुपटीने होऊ शकते, माणसाची होत नाही, हे ग्रंथकाराला पुरते ठाऊक असावे.

महाराष्ट्रात या प्रश्नाशी ज्यांनी जन्मभर सामना केला, त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव प्रथम घ्यावे लागेल. मोडनिंबहून कुर्डुवाडीला जाऊन पुण्याची गाडी धरली की दौंडच्या पुढे केडगाव लागते. त्यांचे मुक्ती मिशन तेथलेच. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे गाढे पंडित. तीर्थयात्रा आणि पुराणकथन हीच कुटुंबाची उपजीविका. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा या कुटुंबाने शास्त्रात सांगितलेले सारे केले. व्रते, अनुष्ठाने, दाने यांत जवळची पुंजी संपली. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि बहीण गेली. आईची तिरडी उचलण्यास दोनच माणसे पुढे आली. तिसरा भाऊ आणि चौथ्या स्वतः रमाबाई. उंची कमी, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. २०२०-२१ च्या करोनाच्या साथीत ज्यांना खांदेकरी मिळाले नाहीत, त्यांना या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

पुढे १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. वैद्यक शिकण्याच्या इच्छेने त्या इंग्लंडला पोहोचल्या. श्रवणदोषामुळे तो विचार सोडावा लागला. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेच दुर्दैवी अंत झाला. त्याच वर्षी, म्हणजे १८८३ च्या सप्टेंबरात, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. खचलेल्या स्त्रीने आधार शोधला, अशी या घटनेची उपपत्ती लावणे सोपे आहे. पण पुढचा पत्रव्यवहार ती टिकू देत नाही. १९७७ साली अ. भि. शहा यांनी संपादित करून प्रसिद्ध केलेल्या त्या पत्रांत रमाबाई आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी त्रैक्याच्या सिद्धान्तावर, चर्चच्या अधिकारावर निर्भीडपणे वाद घालताना दिसतात. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाती विवेक सोपवावयास त्या तयार नव्हत्या. आपल्याला प्रथम ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त मात्र कित्येक वर्षांनी, असे त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात सांगून टाकले आहे. धर्मांतरितांच्या कहाण्यांत इतकी सचोटी क्वचितच आढळते.

धर्मांतराने त्यांचे भाग्य उजळले असेही नाही. १८९३ मध्ये पुण्यात शारदासदनावर वादळ उठले. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वासावर टीका करणाऱ्यांनी आणि त्याचा गौरव करणाऱ्यांनीही पुढचा भाग लक्षपूर्वक पाहावा. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या. केडगावच्या माळावर प्रार्थना होत होती, त्याचबरोबर विहिरीही खणल्या जात होत्या. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना हे सारे तेथे होते. १८९७ साली प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांच्या होणाऱ्या हालांविषयी त्यांनी मुंबईच्या वृत्तपत्रात पत्र लिहून सरकारचा रोष पत्करला. सरकारी अनास्थेचे माप त्यांनी देवाच्या पदरात घातले नाही.

हा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाकाठी एक पौंड धान्याइतकी मजुरी पुरे, असे ठरविले होते. त्यातून जे मेले, त्यांच्या मृत्यूस ‘ईश्वरी इच्छा’ म्हणणे हे ईश्वरावर बालंट घेणे आहे. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, दुष्काळात माणसे मरतात ती बहुधा धान्य नाही म्हणून नव्हे, धान्य मिळविण्याची ऐपत उरत नाही म्हणून. दुःखाची जी कारणे माणसांच्या हातची आहेत ती आधी वजा करावीत आणि मगच उरलेल्याचा प्रश्न देवापुढे मांडावा. उरलेलेही थोडे नसतेच. रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा, त्यांच्या कार्याची वारस, १९२१ मध्ये चाळिसाव्या वर्षी वारली. त्याला कोणते दुष्काळी धोरण जबाबदार धरणार?

अशा वेळी ख्रिस्ती माणसाला काय म्हणता येते? स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी फार मोठा भाग विलापाचा आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, आशेचा एकही शब्द न उच्चारता. ते संग्रहातून कोणी गाळले नाही. वधस्तंभावर येशूने बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचाच प्रश्न विचारला, आपल्याला का टाकून दिले असा. तो प्रश्नही देवालाच उद्देशून आहे, हे विसरता कामा नये. महाराष्ट्राला ही रीत परकी नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी गमावलेले तुकोबा विठ्ठलाशी भांडत राहिले, आणि भांडणे म्हणजे सोडून जाणे नव्हे हे वारकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, त्यात हाही एक धागा असावा.

अलीकडे प्रार्थनेने हमखास रोगमुक्ती, कर्जमुक्ती, बढती देणाऱ्या सभांचे फलक खेडोपाडी दिसतात. नवसाची बाजारपेठ सर्वच धर्मांत आहे. ख्रिस्ती धर्मानेच तिच्याबाहेर राहावे अशी अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचे होईल. तथापि ज्यांच्या ग्रंथात ईयोब आहे, त्यांना सैतानाचा तो पहिला प्रश्न तरी पाठ असावयास हवा. गुण न आल्यास ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे रोग्याला सांगणारे लोक त्या तीन मित्रांहूनही कठोर होत, कारण मित्रांनी निदान सात दिवस त्याच्याजवळ बसून काढले होते.

रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवीत होत्या. मुलगी गेल्यावरही ते काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या आणि दोन वर्षांनी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ईयोबाचे बेचाळीसही अध्याय आहेत, मित्रांची भाषणे आणि ईयोबाची गाऱ्हाणी यांसह.