बुडखा, दोर आणि कप्पी

गेल्या पावसाळ्यांत सदाशिव पेठेंतील एका जुन्या वाड्याच्या अंगणांत चिंचेचें मोठें झाड मोडून पडलें. खोड व फांद्या कापून नेण्यास दोन दिवस पुरले; परंतु दोघांच्या कवेंत न मावणारा बुडखा तसाच राहिला. वाडा एका बोळाच्या टोंकास आहे. मालमोटार बोळांतून जेमतेम दाराशीं आली. बुडखा मात्र दारासमोर नसून अंगणाच्या उजव्या कोंपऱ्यांत होता. मजुरांनीं तारेचा दोर दाराच्या सागवानी चौकटीवरूनच वळवून मोटारीस बांधला. पहिल्याच हिसक्यासरशीं चौकट कडाडली, दोर तुटला, आणि त्याचें टोंक ज्या भिंतीवर आदळलें तेथें क्षणापूर्वीं वाड्यांतील दोन मुलें उभीं होतीं. कोणास इजा झाली नाहीं. भिंतीवरचा तो वळ पाहूनच आम्ही हें टिपण लिहावयास बसलों.

विहिरीवरील रहाट ज्यांनीं पाहिला आहे त्यांस एवढें ठाऊक असतें कीं, स्थिर चाक ओढीची दिशा बदलतें, जोर वांचवीत नाहीं. आमच्या पेठांतून तेवढाही उपयोग मोठा आहे. मुलुख-मैदान तोफ १६३२ मध्यें परांड्याहून विजापुरास नेतांना दहा हत्ती व चारशें बैल जुंपले होते अशी आख्यायिका आहे; पण तेथें माळरान मोकळें होतें. बोळांत चार बैलही सरळ रांगेंत उभे राहत नाहींत. म्हणून ओढ वळवावी लागते, आणि ती चौकटीवरून नव्हे, कप्पीवरून.

येथें एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. कप्पीवर पडणारा भार दोरांतील ताणाएवढाच असतो असें नाहीं. दोर जेथून आला त्याच बाजूस उलट परतत असेल तर कप्पीस दोन्ही दोर ओढतात, म्हणजे भार दुप्पट होतो. दोर काटकोनांत वळला तर भार ताणाच्या सुमारें १.४१ पट, आणि दोन्ही दोरांमधील कोन १२० अंश असला तर ताणाइतकाच. मोटार १.८ टनांनीं ओढीत असेल तर काटकोनांतील कप्पी अडीच टन सोशीत असते. बिचाऱ्या चौकटीचा काय पाड!

आतां मोटार तरी किती ओढील? यंत्राच्या शक्तीवर तें अवलंबून आहे असें मुलांस वाटतें. खरी मर्यादा चाकांच्या घर्षणाची आहे. मागील चाकांवर ३ टन भार असेल आणि घर्षणांक ०.६ असेल, तर ओढ १.८ टनांवर जाणार नाहीं. जमीन ओली होऊन अंक ०.४ झाला कीं ती १.२ टनांवर येते, आणि चाकें जागींच फिरूं लागतात. अशा वेळीं दुसरी कप्पी बुडख्यासच बांधावी. दोराचें एक टोंक खुंटास पक्कें करून दोर त्या कप्पीवरून परत आणला, म्हणजे बुडख्यास दोन दोर ओढतात आणि जोर जवळजवळ दुप्पट होतो. चाकाच्या घर्षणांत थोडा जातो, तो सोसावा. मोबदला असा कीं मोटार दोन हात गेली तर बुडखा एकच हात सरकतो.

खरेदीस रविवार पेठेंत बोहरी आळींत जावें. कप्पी बाजूनें उघडणारी घ्यावी, म्हणजे दोराचें टोंक ओवीत बसावें लागत नाहीं. तिच्यावरील आंकडा बहुधा आंकड्यावर पडणाऱ्या एकूण भाराचा असतो; ४ टनांची कप्पी दोर परतून येत असतां दोरांत २ टनांहून अधिक ताण सोशीत नाहीं. बारा मिलिमीटर जाडीचा नवा तारेचा दोर ७ ते ८ टनांस तुटतो, सोळा मिलिमीटरचा १२ ते १४ टनांस. तुटण्याच्या भाराचा पांचवा हिस्सा सुरक्षित मानावा, म्हणून १.८ टनांस बारा मिलिमीटरचा दोर अपुरा, सोळाचा योग्य. चाक लहान घेतलें तर दोर त्यावर मोडून लौकर झिजतो. तारेच्या दोरास गांठ कधींही मारूं नये. फांस करावयाचा तर तीन चिमटे घालावे, आणि चिमट्याची वांकडी सळई दोराच्या आखूड, मोकळ्या टोंकावर यावी. ती ताण घेणाऱ्या दोरावर आली तर त्यालाच चिरडते. नायलॉनचा दोर स्वस्त दिसतो खरा, पण तो रबरासारखा ताणतो व तुटतांना तितक्याच वेगानें उलटतो.

दुसऱ्या खेपेस वाड्यांत काय केलें तें सांगतों. आधीं नळ व विजेची तार कोठून गेली आहे तें पाहिलें. बुडख्याभोंवतीं चर खणून मुळें तोडलीं. ओढीच्या उलट बाजूचीं प्रथम, कारण बुडखा धरून ठेवतात तीं तींच. दोर बुडख्याच्या माथ्याशीं बांधला, म्हणजे तरफेचा लाभ मिळतो. चिंचेचाच एक ओंडका अंगणांत चार फूट खोल पुरून त्यास दोराचें टोंक व वळणाची कप्पी दोन्ही बांधलीं. त्यावर मिळून सुमारें ४ टनांचा भार येणार होता. दोरावर ओलीं गोणपाटें टाकलीं, मुलांस माडीवर पाठविलें, आणि दोराच्या वळणाच्या आंतील बाजूस कोणासही उभें राहूं दिलें नाहीं. हिसका न देतां मोटार सावकाश चालविली. तिसऱ्या ओढीस बुडखा आडवा झाला. मोटार सोळा हात गेली तेव्हां तो आठ हात आला.