डिस्क नेमकी कुणाला दिसत नाही?

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते आणि संध्याकाळी घरचा सर्व्हर सुरू केला, की चारपैकी तीनच डिस्क दिसतात. ‘डिस्क गेली’ असं लगेच ठरवू नका. ती कुणाला दिसत नाही, हे आधी शोधायचं: बायोसला, लिनक्सला, की फक्त फोल्डर उघडत नाही?

बायोसच्या यादीत डिस्कचं नाव नसेल, तर सॉफ्टवेअरशी झटापट व्यर्थ आहे. डिस्कला अलगद बोट लावा. थरथर जाणवत नसेल, तर संशय विजेवर घ्यायचा. साडेतीन इंची डिस्कला तबकड्या फिरवायला सुरुवातीला 12 व्होल्टवर सुमारे 2 अँपिअर लागतात. वेग आला की त्याच्या चौथाईच्या आसपास भागतं. चार डिस्क एकदम उठल्या, तर काही सेकंदांपुरती जवळपास 100 वॉटची मागणी. महिनोन्‌महिने अखंड चाललेला सर्व्हर वीज जाऊन आल्यावरच रुसतो, तो बऱ्याचदा यामुळे. थकलेल्या एसएमपीएसला नेमके तेच काही सेकंद झेपत नाहीत. बाकीच्या डिस्क काढून ही एकटीच जोडा. उठली, तर दोष तिचा नाही.

एकटीही उठत नसेल आणि ती यूएसबी डबा फोडून काढलेली किंवा डेटा सेंटरमधून आलेली सेकंडहँड असेल, तर एक गंमत तपासा. साटाच्या वीजजोडात 15 पिना असतात. नव्या मानकानुसार तिसऱ्या पिनेवर 3.3 व्होल्ट आले, की डिस्क बंद राहते. शेकडो डिस्क लांबून बंद-चालू करणाऱ्यांना ही सोय हवी असते. पण अनेक जुन्या एसएमपीएसमध्ये त्या पिनेवर कायमच 3.3 व्होल्ट असतात, त्यामुळे ठणठणीत डिस्क मेल्यासारखी पडून राहते. उपाय म्हणजे त्या पिनेवर कॅप्टॉन टेपची बारीक पट्टी, किंवा मोलेक्सवरून साटा देणारी केबल, कारण मोलेक्समध्ये 3.3 व्होल्ट नसतातच. अशी केबल पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत शोधायला गेलात, तर प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेला जोड टाळा. तारांमध्ये शॉर्ट होऊन असे जोड जळाल्याची उदाहरणं आहेत.

डिस्क फिरते, पण बायोसला दिसत नाही? डेटा केबल आणि पोर्ट बदला. पावसाळ्यानंतर केबल काढून पुन्हा घट्ट बसवण्यानंही कधी काम होतं. नुकतीच एम.२ एसएसडी बसवली असेल, तर मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा. अनेक बोर्डांवर ती लावली, की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात.

लिनक्समध्ये ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा डिस्क दाखवते आणि तरी फोल्डर रिकामा असतो, तेव्हा बहुधा नावांची अदलाबदल झालेली असते. कालची ‘एसडीबी’ आज ‘एसडीसी’ होऊ शकते. म्हणून ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये असं नाव न लिहिता विभाजनाचा यूयूआयडी लिहावा. डिस्क दिसत असली, तरी तिची स्वतःची ‘स्मार्ट’ नोंद पाहा. तीत 199 क्रमांकाचा आकडा वाढत असेल, तर बहुतेक वेळा दोषी केबल असते. 5 आणि 197 वाढत असतील, तर आधी बॅकअप घ्या.

टक-टक आवाज येत असेल, तर वीज तोडा आणि पुन्हापुन्हा चालू करून पाहू नका. तपासायला म्हणून विंडोजच्या संगणकाला डिस्क जोडली, तर तो ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ करू का, असं विचारू शकतो. ती खिडकी रद्द करा. लिनक्सची मांडणी त्याला कळत नाही आणि ‘हो’ म्हणालात, तर तो तिच्यावर स्वतःची नवी मांडणी लिहील.