सरकारी खरेदी : व्यापारी आणि कारागीर यांतला फरक

केंद्र सरकारची खाती व कंपन्या यांनी वार्षिक खरेदीपैकी किमान 25 टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे धोरण आहे. 2018 पूर्वी हे प्रमाण 20 टक्के होते. टेंडर फॉर्म मोफत, अनामत रक्कमही माफ.

पण आम्ही कापड व्यापाऱ्यांनी गाफील राहू नये. जुलै 2021 पासून आमचीही ‘उद्यम’ नोंदणी होते. तिचा फायदा बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरताच. खरेदीतील सवलत स्वतः माल तयार करणाऱ्याला. म्हणून कागलात ज्यांच्या घरी शिलाई मशीन खरोखर चालते, त्यांनी ‘व्यापार’ नव्हे, ‘उत्पादन’ अशी नोंद करावी. नोंदणी मोफत आहे, दलाल नको.

बिल 45 दिवसांत न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याजाचा हक्क कारागिराला कायद्याने आहे. करार आणि माल पोचल्याची पावती जपून ठेवावी.