इंजिनाचा श्वास

इंजिन तेलावर चालते असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. एक किलो डिझेल पुरते जळायला १४ किलोंहून अधिक हवा लागते. हवेबरोबर धूळ येते, आणि तिच्यातले वाळूचे कण लायनर व रिंगा घासून टाकतात. म्हणून एअर फिल्टर बसवलेला असतो. तो तुंबला की हवा अपुरी पडते व अर्धवट जळलेले तेल काळा धूर होऊन बाहेर येते. तुंबला म्हणून फिल्टर काढून ठेवणे, हे तर त्याहून वाईट.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्हची. धातू तापला की वाढतो, म्हणून व्हॉल्व्ह व रॉकर यांच्यात साधारण पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवतात. नेमके माप इंजिनाच्या पुस्तकात असते. ते फीलर गेजने तपासावे. फट कमी पडली तर व्हॉल्व्ह बैठकीवर नीट टेकत नाही. त्याची उष्णता मुख्यतः बैठकीतूनच निघून जाते; तो मार्ग तुटला की व्हॉल्व्ह जळतो. फट वाढली तर खटखट सुरू होते आणि व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही.

हे काम थोड्या तासांचे. पण ‘उत्पादन थांबेल’ म्हणून ते पुढे ढकलले जाते, आणि धूर जातो तो इंजिनाशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली या धुराला कर्करोगकारक ठरविले आहे. म्हणून मी म्हणतो, मागणीपत्रात पगाराच्या कलमाखाली देखभालीच्या वेळापत्रकाचेही कलम असावे. इंजिनाचा श्वास कोंडला, की कामगाराचाही कोंडतो.