महाभांडारे व लहान शहरांतील किरकोळ व्यापार

महाभांडारे : विस्तीर्ण वास्तूत धान्य, किराणा, कपडे, भांडी, प्रसाधने इ. नित्योपयोगी वस्तू एकाच छताखाली मांडून त्या स्वयंसेवा पद्धतीने व छापील कमाल किंमतीपेक्षा कमी दराने विकणारी साखळी दुकाने. बोलभाषेत त्यांना सरसकट ‘मॉल’ किंवा ‘मार्ट’ असे म्हटले जाते. काटेकोर अर्थाने मॉल ही अनेक स्वतंत्र दुकानांची इमारत असते, तर महाभांडार हे एकाच मालकीचे, एकाच हिशेबाचे दुकान होय. महाभांडार निघाल्यावर त्या शहरातील व भोवतालच्या लहान शहरांतील दुकानदार, कामगार व ग्राहक यांच्यावर होणारे परिणाम हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अर्थशास्त्रातील वादाचा विषय झाला आहे.

उगम व कार्यपद्धती : स्वयंसेवा पद्धतीच्या मोठ्या किराणा दुकानाचे एक आद्य उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कमध्ये १९३० मध्ये निघालेले ‘किंग कलन’. फ्रान्समध्ये ‘कारफूर’ने १९६३ मध्ये पॅरिसजवळ किराणा व इतर सर्व माल एकत्र विकणारे भांडार सुरू केले. अमेरिकेत सॅम वॉल्टन यांनी १९६२ मध्ये आर्कान्सॉ राज्यातील रॉजर्स या गावी ‘वॉलमार्ट’चे पहिले दुकान काढले. मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्षिलेल्या लहान गावांपासून आरंभ करणे, हे वॉल्टन यांच्या व्यापारनीतीचे वैशिष्ट्य होते.

महाभांडारातील स्वस्ताईची कारणे प्रामुख्याने चार आहेत : (१) उत्पादकाकडून थेट व मोठ्या प्रमाणावर खरेदी होत असल्याने घाऊक व्यापारी व दलाल यांचा नफा वाचतो; (२) मध्यवर्ती गोदामे व संगणकीय नोंदी यांमुळे माल पडून राहत नाही; (३) माल निवडण्याचे, काढण्याचे व वाहण्याचे काम ग्राहक स्वतःच करीत असल्याने दर रुपयाच्या विक्रीमागे कमी नोकर लागतात; (४) काही वस्तूंवर अत्यल्प नफा घेऊन ग्राहक ओढला जातो व इतर वस्तूंवर तो भरून काढला जातो. व्यवहार मात्र रोखीचा असतो. लहान शहरांच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते.

परदेशांतील अनुभव : अमेरिकेतील आयोवा राज्यातील शहरांचा अभ्यास केनेथ स्टोन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून केला. ज्या शहरात महाभांडार निघाले तेथील एकूण विक्री वाढली. परंतु ही वाढ बव्हंशी आसपासच्या लहान गावांतून ओढून आणलेल्या ग्राहकांची होती, असे त्यांना आढळले. नुकसान सर्वाधिक झाले ते भांडार नसलेल्या शेजारच्या गावांचे. रोजगाराविषयी निष्कर्ष परस्परभिन्न आहेत. एमेक बास्कर यांच्या २००५ मधील अभ्यासानुसार वॉलमार्ट आल्यानंतर त्या कौंटीत (जिल्हासदृश विभागात) प्रथम सु. १०० नोकऱ्या वाढतात व पुढील पाच वर्षांत त्यांपैकी निम्म्या नाहीशा होतात. उलट डेव्हिड न्यूमार्क व त्यांचे सहकारी यांनी २००८ मध्ये दाखविले, की किरकोळ क्षेत्रातील रोजगार सरासरीने सु. १५० नी घटतो. म्हणजे भांडारातील प्रत्येक नोकरीमागे इतरत्र सु. १·४ नोकऱ्या जातात.

काही देशांनी कायद्याने निर्बंध घातले. फ्रान्समधील १९७३ च्या र्‌वाये कायद्यानुसार ठराविक क्षेत्रफळापेक्षा मोठ्या दुकानास स्थानिक समितीची परवानगी आवश्यक झाली. जपाननेही १९७३ मध्ये असाच कायदा केला व २००० मध्ये तो बदलून त्याजागी परिसर व वाहतूक यांवर भर देणारा कायदा आणला.

भारत व महाराष्ट्र : महाराष्ट्रात मोठ्या भांडाराची कल्पना प्रथम सहकारातून रुजली. मुंबईतील ‘अपना बाजार’ ही ग्राहक सहकारी संस्था १९४८ मध्ये सुरू झाली. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून कुटुंबांचे गट करून सामुदायिक खरेदी व मासिक वाटप ही वेगळी रीत पाडली. वारणानगर येथील ‘वारणा बाजार’ने ग्रामीण भागात सहकारी बहुवस्तू भांडार चालविता येते, हे दाखवून दिले. खाजगी साखळ्यांचा विस्तार २००० नंतरचा होय. ‘बिग बझार’ची पहिली दुकाने २००१ मध्ये, तर ‘डी-मार्ट’चे पहिले दुकान २००२ मध्ये मुंबईतील पवई येथे निघाले. पुढे जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणीही किराणा, कपडे, पादत्राणे यांच्या साखळी दुकानांच्या शाखा निघू लागल्या. ही वाढ निर्वेध झाली असे नाही. ‘बिग बझार’ची साखळी कर्जबाजारी होऊन २०२२ मध्ये मोडली.

केंद्र शासनाने सप्टेंबर २०१२ मध्ये बहुछाप किरकोळ व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीस परवानगी दिली. किमान १० कोटी डॉलरची गुंतवणूक, तीस टक्के खरेदी लघुउद्योगांकडून आणि मुख्यत्वे दहा लाखांवर लोकवस्ती असलेली शहरे, अशा अटी तीत होत्या. अंतिम निर्णय राज्यांवर सोपविण्यात आला व महाराष्ट्राने त्यास संमती दर्शविली. या धोरणाविरुद्ध २० सप्टेंबर २०१२ रोजी देशभर बंद पाळण्यात आला. देशी कंपन्यांना मात्र लोकसंख्येची अट लागू नव्हती.

दिल्लीच्या ‘इक्रिअर’ या संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार मोठ्या दुकानांच्या आसपासच्या लहान दुकानांची विक्री व नफा प्रारंभी घटतो, परंतु कालांतराने हा परिणाम सौम्य होतो. स्पर्धेमुळे बंद पडणाऱ्या दुकानांचे प्रमाण वर्षाला १·७ टक्के आढळले. ही पाहणी मुख्यतः मोठ्या शहरांतील होती. तेथे वस्ती दाट, नोकरदार वर्ग मोठा आणि खरेदी वाढती असते. हंगामी उत्पन्नावर चालणाऱ्या तालुक्याच्या शहरास तेच निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.

परळी वैजनाथ : असे शहर समजून घेण्यास बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ हे उदाहरण उपयुक्त आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सु. ९१,००० होती. येथील बाजारपेठेस तीन बाजूंनी पैसा मिळतो. महाराष्ट्रात बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानल्या जाणाऱ्या वैजनाथाच्या दर्शनास महाशिवरात्र व श्रावण या काळांत यात्रेकरू येतात. औष्णिक वीज केंद्र १९७१ पासून असल्याने पगारदारांचा एक वर्ग आहे. तिसरा आधार भोवतालच्या खेड्यांतील कोरडवाहू शेती व ऊसतोड यांचा. या तिन्हींना अनिश्चिततेचा शाप आहे. जुलै २०१५ मध्ये पाणीटंचाईमुळे वीज केंद्रातील संच बंद ठेवावे लागले, तेव्हा शेतकऱ्याबरोबर पगारदाराच्या भोवतीचा व्यापारही पावसावर किती अवलंबून आहे, हे स्पष्ट झाले.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. मुकादमाकडून मिळालेली उचल एकदम हाती येते व लवकरच संपते. शेतकऱ्याचा पैसाही कापूस व सोयाबीन विकल्यावरच येतो. मधल्या महिन्यांत घर चालते ते किराणा दुकानदाराच्या वहीवर. तेल, गूळ, चहा, साखर व डाळ लिहून दिली जाते आणि सुगीनंतर हिशेब पुरा होतो. दुष्काळात वसुली पुढील वर्षावर जाते. म्हणजे येथील दुकान हे विक्रीकेंद्र असते, तसेच तारणाशिवाय कर्ज देणारी एक लहानशी पेढीही असते.

या व्यवस्थेचे दोषही आहेत. उधारीच्या मालात व्याज दडलेले असते. बाकी असलेल्या गिऱ्हाइकास दुसरीकडे जाता येत नाही व भावाबद्दल बोलता येत नाही. वजनमापाविषयी व भेसळीविषयी तक्रारी जुन्या आहेत. छापील किंमत, पक्की पावती व बांधलेला माल देणारे भांडार ग्राहकास, विशेषतः घरखर्च सांभाळणाऱ्या स्त्रियांस, मोकळेपणा देते, हे मान्य करावे लागते.

तथापि परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. महाभांडाराकडे प्रथम वळतो तो रोख पैसा देणारा नोकरदार. मग ते भांडार परळीतच असो, की अंबाजोगाई, लातूर वा नांदेड येथे. उधारीचे गिऱ्हाईक मात्र जुन्या दुकानातच राहते. दुकानदाराला रोखीच्या विक्रीतून मिळणारा पैसाच उधारीसाठी वापरता येतो व त्यातूनच तो घाऊक व्यापाऱ्याचे देणे भागवितो. रोख आटली, की त्याला उधारी आखडती घ्यावी लागते. परिणामी, ज्या मजुराने महाभांडाराचा उंबरठाही ओलांडलेला नाही, त्याच्या घरचा किराणा थांबू शकतो. दुकान बंद पडले नाही म्हणून नुकसान झाले नाही, असे मानणे त्यामुळे चुकीचे ठरते.

कामगारांवरील परिणाम : लहान दुकानातील नोकराला कामाचे निश्चित तास, नेमणूकपत्र, भविष्यनिर्वाह निधी इ. गोष्टी क्वचितच मिळतात. १९४८ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०१७ च्या महाराष्ट्र अधिनियमाने मुख्य तरतुदी दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू केल्या; २०२५ मध्ये ही मर्यादा वीसपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. महाभांडारातील कामगार सामान्यतः या कायद्याच्या कक्षेत येतो. परंतु तेथील भरती बऱ्याचदा कंत्राटदारामार्फत होते, काम दिवसभर उभ्याने करावे लागते आणि अनुभवी नोकरापेक्षा तरुण, बदलता नोकर कंपनीस सोयीचा असतो. विक्री-कामगारांना बसण्याची सोय देणे केरळने २०१८ मध्ये व तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्याने बंधनकारक केले. थेट खरेदीमुळे घाऊक पेठेतील हमाल, तोलणार, हातगाडीवाले यांचे काम घटते. १९६९ च्या माथाडी अधिनियमाने अशा श्रमिकांना संरक्षण दिले असले, तरी ते असलेल्या कामाचे आहे. पेठेतून निघून गेलेले काम कायद्याने परत येत नाही.

इतर कारणे व उपाय : लहान दुकानांची अडचण केवळ महाभांडारांमुळे आहे असे नव्हे. २०१६ मधील नोटाबंदी, १ जुलै २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर आणि इंटरनेटवरील विक्री यांचाही त्यात वाटा आहे. वॉलमार्टने २०१८ मध्ये ‘फ्लिपकार्ट’मधील बहुसंख्य भाग विकत घेतल्यावर इमारतीशिवाय भांडार लहान गावात पोहोचण्याचा मार्ग खुला झाला.

उपायांमध्ये दुकानदारांची सामुदायिक घाऊक खरेदी, ग्राहक सहकारी संस्थांचे पुनरुज्जीवन, लहान दुकानांना खेळत्या भांडवलासाठी बँकांचे कर्ज आणि ऊसतोड व शेतमजूर कुटुंबांसाठी बचतगटांमार्फत अल्पमुदतीचा पतपुरवठा यांचा समावेश होतो. शेवटचा उपाय विशेष महत्त्वाचा आहे. कारण जुनी वही मिटत असताना तिची जागा घेणारी व्यवस्था उभी राहिली नाही, तर स्वस्त मालाचा लाभ रोख पैसा असणाऱ्यांपुरताच राहतो. स्थानाच्या बाबतीत २०१२ च्या धोरणाने भांडार कोणत्या शहरात निघावे एवढेच पाहिले. आयोवाचा अनुभव व परळीसारख्या शहरांची रचना पाहता परिणामांचे मोजमाप भांडाराच्या शहरापुरते न ठेवता त्याच्या ओढीखाली येणाऱ्या सर्व गावांत, तसेच भावाबरोबर पत व रोजगार यांच्याही आधारे करणे आवश्यक ठरते.