देवाचा करार आणि आपला गेम

दोस्तांनो, रात्रीचे साडेआठ वाजलेत. स्वयंपाकघरातून आईची हाक येते, "अरे, ताटं वाढलीत, ये जेवायला!" आतल्या खोलीतून उत्तर जातं, "आलो आलो, दोनच मिनिटं!" त्या दोन मिनिटांची वीस होतात. मग बाबा उठतात आणि हातातला मोबाइल हिसकावून घेतात. झालं! इकडे रडारड, तिकडे आरडाओरडा. भाकरी गार होते ती वेगळीच. अणदूर असो की पुणे, हे नाटक घरोघरी चालतं. हो की नाही?

यात चूक कुणाची? जरा मागे जाऊन पाहू या.

तुमच्या आईबाबांच्या लहानपणी टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम होते. कॅसेट बसली नाही की तिच्यात फुंकर मारायची! त्यातला लाडका गडी म्हणजे मारिओ. जपानच्या निन्टेंडो कंपनीनं १९८५ साली आणलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये ८ जगं होती आणि प्रत्येकात ४ टप्पे, म्हणजे एकूण ३२. आईनं हाक मारली की बटण दाबून मारिओला जागच्या जागी उभं करायचं आणि जेवून यायचं. फक्त मधेच लाइट गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून!

आताचे गेम तसे नाहीत. 'पबजी'सारख्या गेममध्ये एका सामन्यात १०० पर्यंत खेळाडू एकाच वेळी उतरतात. कुणी कुठल्या गावचा, कुणी कुठल्या. एकासाठी बाकीचे ९९ जण कसे थांबणार? सामना साधारण अर्धा तास चालतो आणि तो मधे थांबवता येत नाही. आपण उठलो की आपल्या गटातले साथीदार तोंडघशी पडतात. पालकहो, कबड्डीत चढाई अर्ध्यावर टाकून कुणी जेवायला येतं का? म्हणजे "दोन मिनिटं" म्हणणारं पोर प्रत्येक वेळी उद्धटपणा करत नसतं, बरं का!

पण दोस्तांनो, तुमचीही एक बाजू लंगडी आहे. सामना संपतो तेव्हा तरी तुम्ही उठता का? तेवढ्यात रोजचं बक्षीस येतं, नवा पोशाख दिसतो, "आणखी एकच" असं मन म्हणतं. तुम्ही जितका वेळ बसाल तितका कंपनीचा फायदा. ते तुम्हाला स्वतःहून कशाला उठवतील?

मग गेम बंदच करायचे? सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं सुरक्षेच्या कारणावरून 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली. २०२१ साली त्याच धाटणीचा 'बीजीएमआय' आला. घरातलं भांडण काही मिटलं नाही!

शिवाय सगळे गेम टाकाऊ असतात असंही नाही. २०२० सालीच पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीचा 'राजी' आला. राक्षसांनी पळवून नेलेल्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ही गोष्ट. त्यातली चित्रं पहाडी शैलीची आणि वाडे राजस्थानी धाटणीचे. त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या उत्तम गेमसाठी त्याला नामांकनही मिळालं. गेम खेळणाऱ्यांतूनच उद्याचे चित्रकार आणि गोष्ट सांगणारे तयार होतील, कुणी सांगावं?

तोडगा हवा असेल तर अणदूरला चला. तुळजापूर तालुक्यातल्या या गावात खंडोबाचं देऊळ आहे आणि जवळच नळदुर्गच्या मैलारपुरात दुसरं. देव मात्र एकच! वर्षातले सव्वादहा महिने तो अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. पौष पौर्णिमेची यात्रा झाली की भंडारा उधळत पुन्हा अणदूरला येतो. विशेष म्हणजे देव न्यायचा कधी आणि आणायचा कधी, याचा दोन्ही गावांच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. लाडका देव कुणाला सोडावासा वाटेल? पण शब्द दिला म्हणजे दिला. हिसकाहिसकी नाही!

घरातही असा करार करून पाहा. वेळ मिनिटांत मोजू नका, सामन्यांत मोजा. "जेवणाआधी एक सामना, आठ वाजल्यानंतर नवा सुरू करायचा नाही." गेममध्ये पैसे घालायचे तर आधी विचारायचं. आणि पालकहो, एक कलम तुमच्यासाठीही! जेवताना तुमचाही मोबाइल बाजूला. खाली सगळ्यांनी सह्या करायच्या आणि कागद फ्रिजवर नाही तर देवळीत लावायचा.

पहिल्या आठवड्यात करार एकदोनदा मोडेलही. मोडला तर ओरडायचं नाही, कागदाकडे बोट दाखवायचं. पोरांनीही, आणि मोठ्यांनीही.

खंडोबा ठरल्या वेळी परत येतो. मग आपल्याला ताटावर यायला काय हरकत आहे?